दामू पेंटरचं हातचं अक्षर

दामू पेंटरचं अक्षर ओळखायचं असेल तर त्याचा ‘र’ बघावा, असं पेणमधले लोक सांगायचे. मी सांगते, काही उपयोग नाही. त्याचे शंभरेक ‘र’ मी भिंग लावून बघितलेत आणि त्यातले दोन एकमेकांसारखे नव्हते. एक पोट सुटलेला, एक पुढे वाकलेला, एकाचा पाय नको तेवढा लांब. तरी बोर्डावर बघा, तर डोळे मिटून कुणीही सांगेल की हे दामूचं. हे कसं काय, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही. या माणसाबद्दल बोलायला बसले की माझा असाच गोंधळ होतो. मी त्याचं भलं करायला गेले होते की वाटोळं, हेही मला धड सांगता यायचं नाही. तेव्हा आठवेल तसं सांगते, तुम्हीच काय ते ठरवा.

पेणला एसटी स्टँडच्या मागे माझं ‘मीनल मुद्रण’ होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांचे अहवाल असली कामं. पंचाण्णव साली मी कॉम्प्युटर घेतला, तेव्हा तो बघायला लोक चपला बाहेर काढून आत यायचे. दामूदादा मात्र चपलांसकट आला. खुर्चीत बसला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, “ह्याला हात कुठं हाय?”

तो खाडीकडच्या गावातला. बाप मिठागरावर, आजाही मिठागरावर. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठा, पण त्याला अहो-जाहो कुणीच करत नसे आणि केलं तर तो मागे वळून बघायचा, की आणखी कोण आलंय. उंच, काटकुळा, पूर्ण बाह्यांचा सदरा मनगटापर्यंत बटणं लावून. एवढी वर्षं रंगात काढली, पण सदऱ्यावर कधी डाग नाही. ब्रश तपासायचा तो डाव्या अंगठ्याच्या नखावर. त्यामुळे आज कोणत्या रंगाचं काम झालं, हे नखावरून कळायचं.

माझे वडील त्याचे मास्तर. त्यांनी त्याला अक्षरासाठी बदडलेला, एकदा नव्हे, वर्षभर. कारण दामू आधी अक्षरं काढायचा आणि वरची रेघ मग सवडीने मारायचा, कधी मारायचाही नाही. “छपराशिवाय घर बांधतोस का रे?” असं ओरडून वडील छडी हाणायचे. पुढे त्याच दामूचे बोर्ड गावभर लागले. वडील बाजारात जाताना ते बघायचे आणि घरी येऊन म्हणायचे, “अजून सुधारला नाही गधडा.” पण आमच्या दारावरची पाटी त्यांनी त्याच्याकडूनच करून घेतली, आणि तीही बिनरेघेची. असले आमचे वडील!

दामूकडे अक्षराच्या चार तऱ्हा होत्या. ठोकळा, गोल, सावलीचं आणि हातचं. पहिल्या तीन तो दोरी मारून, खडूने आखून करायचा. हातचं मात्र आखायचं नाही. कोरडा ब्रश घेऊन शिडीवर चढायचा आणि सबंध नाव आधी हवेत लिहायचा. खालून जाणारे हसायचे. मग ब्रश रंगात बुडवून एका दमात लिहून टाकायचा, जाड-बारीक, वर-खाली, जसं कुणी घाईत चिठ्ठी लिहावी तसं. वाचताना वाटायचं, दुकानदार स्वतःच दारात उभा राहून बोलतोय.

त्याचं कारण होतं. हातचं लिहायचं असेल तर तो दुकानदाराला नाव तीनदा मोठ्याने म्हणायला लावायचा. गडबला हायवेवर एकाने चहा-वड्याचं हॉटेल काढलं, बायकोच्या नावानं. बिचारा चारचौघांत बायकोचं नाव घ्यायला लाजत होता. दामू ब्रश घेऊन शिडीवर, हा खाली मान घालून पुटपुटतोय. “मोठ्यानं बोल,” दामू म्हणाला. “तू लाजशील तर माझा अक्षर पन लाजंल. मंग गिऱ्हाईक कसा यायचा?” शेवटी तो गडी असा ओरडला की आतून त्याची बायको लाटणं घेऊन बाहेर आली. ‘सुलभा’ असा तो बोर्ड होता. त्यातला ‘भा’ खरोखर ओरडल्यासारखा दिसायचा.

सगळ्यांनाच काही हातचं मिळत नसे. रोह्याच्या एका डॉक्टरांनी फार गळ घातली, तर म्हणाला, “नाय सायब, तुमच्याकडं मानूस तापानं फणफणत येनार. त्याला हसनारा बोर्ड कशाला?” त्यांना ठोकळ्यात करून दिला. आणि एवढं शहाणपण असलेल्या या माणसाने धाटावच्या एका कंपनीत काय केलं? सूचनांच्या पाट्या लिहायला बोलावलं होतं. सकाळच्या शिफ्टची माणसं गोळा झाली, कुणी गावचं निघालं, गप्पा रंगल्या, आणि रंगात येऊन याने ‘धोका’ हातच्यात लिहिला. एक नाही, ओळीने सगळ्या पाट्यांवर. साहेब आला आणि बघत राहिला. “पेंटर,” तो म्हणाला, “हा धोका आहे की आमंत्रण?” सगळ्या पाट्या पुसून पुन्हा कराव्या लागल्या. दामू हे स्वतःच सांगायचा आणि स्वतःच इतका हसायचा की चहा सांडायचा.

आता त्याचा एक नेम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पेणला गणपतीचे कारखाने, हे काही मी सांगायला नको. दामू एका कारखान्यात मूर्तींचे डोळे काढायचा. ते काम सुरू झालं की, आषाढापासून गणपती बसेपर्यंत, तो बोर्डाचं एक अक्षर लिहायचा नाही. कागदावरसुद्धा नाही. कुणी पत्ता लिहून मागितला तर तोंडी सांगायचा. “ह्ये दोन म्हैने हात देवाचा,” म्हणायचा. त्याला कुणी हे शिकवलं नव्हतं, त्यानंच ठरवलेलं आणि वीस-पंचवीस वर्षं पाळलेलं.

तर, कॉम्प्युटर. माझ्याकडे मराठीचे पाच-सहा फॉण्ट होते, सगळे इस्त्री केल्यासारखे. पत्रिकेला चालायचे, पण हँडबिलावर ‘भव्य सेल’ लिहिलं तरी ते दुखवट्याची बातमी वाटायचं. माझ्या मनात आलं, दामूदादाचं हातचं यात आणता आलं तर? मुंबईच्या एका ओळखीच्याकडून फॉण्ट करायचं सॉफ्टवेअर आणलं, हातानं ओढायचा स्कॅनर आणला. दामूला म्हटलं, “दादा, तुझं अक्षर मला कॉम्प्युटरमध्ये घ्यायचंय.”

“घे की,” तो म्हणाला. “अक्षर काय घेतल्यानं कमी व्हतं?”

मी चौकटी आखून कागद दिला. एकेका चौकटीत एकेक अक्षर. त्यानं ‘क’ काढला आणि थांबला. पुन्हा काढला. तो क कुणाचाही असावा, पण दामूचा नव्हता. एवढा शिडीवर हवेत लिहिणारा माणूस, पण त्याला घाम फुटला.

“मना नाय जमत गो,” म्हणाला. “एकटा क म्हंजे काय? तो कोनाला हाक मारतोय? म्होरं कोन हाय ता कळल्याबिगर तो बसंल कसा?”

मग आम्ही तोड काढली. त्याने नावं लिहायची, मी त्यातून अक्षरं कापायची. पेण, रोहा, कासू, गडब, धाटाव लिहून झालं. मग माणसांची नावं. ‘ठ’साठी ठाकूर, ‘ढ’साठी ढवळे, ‘छ’साठी छाया. ही छाया कोण म्हणून विचारलं, तर लाजला. माझ्या दुकानाचं नावही लिहून घेतलं. चैत्रात चार दुपारी बसलो असू. त्यानं लिहिलेले कागद मी ओढ्यावर धुणं वाळत घालावं तसे दुकानभर पसरले होते. मग महिनाभर मी ‘म’ची दांडी वेगळी काढ, ‘श’ची वेगळी काढ, असलं कापाकापीचं काम करत बसले. शंभर ‘र’मधून एकच निवडायचा होता. कोणता खरा? रडकुंडीला आले. शेवटी जो मधला वाटला तो घेतला.

फॉण्ट झाला. त्याला मी ‘दामू’ नाव दिलं. आणि इथे माझी चूक झाली. मी धरून चालले की दामूला सगळं समजलंय. त्याला समजलं होतं ते एवढंच, की त्यानं लिहिलेली ती नावं मीनलच्या पेटीत ठेवलीत, जसे फोटो अल्बममध्ये ठेवतात. छाया पाहिजे असेल तर छाया निघेल, ठाकूर पाहिजे असेल तर ठाकूर. त्यानं कधीही न लिहिलेला शब्द त्याच्या अक्षरात निघेल, हे त्याच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. आणि मी मूर्ख, मी सांगितलंच नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. रोह्याला एकाने रेडियम कटिंगचं मशीन आणलं होतं. चिकटपट्टीच्या कागदातून अक्षरं कापून बोर्डावर लावायची. तो माझ्याकडे आला, फॉण्ट बघितला आणि वेडा झाला. “ताई, फ्लॉपीवर द्या, तुमचा बोर्ड मी करून देतो.” मला काय वाटलं असेल? फुशारकी वाटली, दुसरं काय! माझ्या हातून झालेल्या गोष्टीला कुणी छान म्हणालं होतं. दिली फ्लॉपी. आठवड्यात ‘मीनल मुद्रण’चा नवा बोर्ड लागला. दामूनं तो बघितला, मान हलवली. हे शब्द त्यानं मला लिहून दिलेलेच होते, त्यामुळे त्याला काही वावगं वाटलं नाही.

त्या आषाढात दामूला लोक रस्त्यात थांबवू लागले. “दामू, रोह्याच्या नव्या स्वीट मार्टचा बोर्ड झकास झालाय हां.” दामू म्हणायचा, “मी नाय केला.” लोक म्हणायचे, “चल, तुझं अक्षर आम्ही ओळखत नाय व्हय?” एसटी पकडून तो रोह्याला गेला. बघतो तर खरंच त्याचंच अक्षर. रेडियमचं आहे, हे त्याला दिसलं. म्हणजे कुणाला तरी आपण कागदावर लिहून दिलं आणि त्यावरून कापलं. पण कुणाला? कधी? दुकान तर आषाढातच उघडलेलं. दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला, “तुझंच की रे.” रेडियमवाल्याला विचारलं, तोही हसून म्हणाला, “तुझंच.” पुढच्या गल्लीत आणखी एक बोर्ड. नागोठण्याला उतरला, तिथे एक.

हे मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मला कळलं ते श्रावणात, भर दुपारी, तो दुकानात येऊन उभा राहिला तेव्हा. अंगठ्याचं नख कोरं होतं. सीझन ऐन भरात आणि नखावर रंग नाही!

“मीनल, येक इचारू?” तो म्हणाला. “गुर्जींच्या डोस्क्याचा शेवटी काय झालेला? ते इसरायचे ना?”

“हो, विसरायचे वडील. का रे?”

“मना पन तसाच झालाय.”

मग त्यानं सगळं सांगितलं. खाली बघून, अगदी हळू. “आषाढात मी लिवत नाय, तुला म्हाईत हाय. आन मी लिवलाय. डोळ्यांनी बगितला, माझाच हात. कोनाला लिवून दिला ता आठवत नाय.” अंगठ्याचं कोरं नख चोळलं. “कारखान्यात गेलो नाय पंधरा दिस. शेट रोज मानूस धाडतो. आगं, पन ज्या हातानं काय लिवला ता डोस्क्याला ठावं नाय, त्या हातानं देवाचं डोळं कसं काढू?”

या माणसानं पंधरा दिवस स्वतःला वेडा समजून घरात बसून काढले होते, आणि ते माझ्यामुळे. सांगू की नको, असं एक क्षणभर आलं मनात, खोटं कशाला बोलू? त्याला डॉक्टरकडे नेऊ, टॉनिक देऊ, असलंही काहीतरी आलं. मग मात्र माझी मलाच शिसारी आली. मी कॉम्प्युटर चालू केला, त्याला शेजारी बसवलं आणि टाइप केलं, ‘सरकार’.

पडद्यावर त्याच्या अक्षरात ‘सरकार’ उमटलं. त्यानं डोळे बारीक केले. “ह्यो मी कवा लिवला?”

“तू नाही लिहिलास. मी लिहिला. आत्ता, तुझ्यासमोर.”

त्याला कळेना. मी पुसला, दुसरा शब्द काढला. मग तिसरा. मग त्याला म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, “भोपळा.” भोपळा काढला. “मिठागर.” मिठागर काढलं. मग फ्लॉपीचं सांगितलं, रोह्याचं सांगितलं, सगळं सांगितलं. सांगताना मी रडत होते. आता हा मला शिव्या देणार, टेबल उलटं करणार असं वाटत होतं, आणि देईल तर बरं, असंही वाटत होतं.

तो उठला आणि हसायलाच लागला. “म्हंजे मी इसरलो नाय? माझ्या डोस्क्याला काय झाला नाय?”

“काही झालेलं नाही रे.”

“मी बरा हाय!” दारात जाऊन रस्त्यावरच्या एका अनोळखी बाईलाही त्यानं सांगितलं, “मी बरा हाय!” माठातलं पाणी गटागटा प्यायला, तोंड धुतलं. मी अजून रडतेय आणि हा हसतोय. मला काय करावं तेच समजेना. मग एकदम खाली बसला.

“पन मंग,” तो म्हणाला, “आता माझा कंचा, ता मना कसा कळायचा?”

मी पडद्यावर बोट ठेवलं. ‘सरकार’मधले दोन ‘र’ दाखवले. “बघ, हे दोन्ही तेच आहेत. तुझे कधी सारखे नसतात.”

तो बराच वेळ वाकून बघत राहिला. “जुळं हाय,” म्हणाला. “आनि येकाच घरात तोच मानूस दोनदा बसलाय.” मग चप्पल घातली आणि गेला. त्या संध्याकाळपासून कारखान्यात डोळ्यांचं काम पुन्हा सुरू झालं, हे मला नंतर कळलं.

मी रोह्याला जाऊन फ्लॉपी परत मागितली. रेडियमवाला म्हणाला, “ताई, ती आता अलिबागला गेली, माणगावला गेली. परत काय मागता?” भांडले, ओरडले, काही झालं नाही.

गणपती झाले आणि दामूदादा बाजारातून मान वाकडी करून हिंडायला लागला. प्रत्येक बोर्डाखाली उभा राहायचा आणि जुळी अक्षरं शोधायचा. सापडली तर खूश, “ह्यो माझा नाय.” पण ज्या नावात एकही अक्षर दोनदा येत नाही, तिथे काय करणार? ‘गणेश’पुढे तो अर्धा अर्धा तास उभा असायचा. रेडियम असलं तरी त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं, कारण त्यानं जुन्या दिवसांत कुणाकुणाला कागदावर लिहून दिलेलं होतंच. आपल्याच गावात स्वतःचं अक्षर ओळखू न येणारा माणूस! मला ते बघवत नव्हतं. मी आत निघून जायचे.

एका सकाळी तो शिडी घेऊन माझ्या दारात आला. माझा बोर्ड बघत उभा राहिला. मी बाहेर आले.

“ह्यात दोन म हायत,” तो म्हणाला. “मी तुला लिवून दिलेला, त्यात येगळं येगळं व्हतं. ह्यात येकच दोनदा हाय. म्हंजे येक माझा. दुसरा कोनाचा?”

“दुसरा माझा,” मी म्हटलं.

“मंग तुझा तू लिव.”

तो शिडीवर चढला, ‘मुद्रण’मधला ‘म’ नखानं सोलून काढला, खाली उतरला आणि ब्रश माझ्या हातात दिला. मी नको नको म्हणत होते. स्टँडवरची चार माणसं जमली. अखेर पदर खोचून चढले. खाली त्यानं शिडी धरली होती. ही शिक्षा होती की माफी, मला त्या शिडीवर कळलं नाही आणि आजही कळत नाही. ‘म’ला धड पोट आलं ना दांडी सरळ. रंगाचा ओघळ खालच्या उकारावरून पार बोर्डाच्या कडेपर्यंत गेला. माझ्या वडिलांनी मला तिथल्या तिथे बदडलं असतं.

पुढेही तो कुठे कुठे भेटला असेल, पण मला दामूदादा दिसतो तो त्या शिडीवरून, वरून खाली बघितल्यावर दिसला तसा. मी घाबरत विचारलं, “कसा आलाय?” त्यानं शिडी सोडली, चार पावलं मागे रस्त्यात गेला आणि वर बघितलं. महिनोन्‌महिने मी त्याचा चेहरा इतका मोकळा झालेला बघितला नव्हता. एसटीतून उतरणाऱ्या माणसांना हाताला धरधरून तो माझा ‘म’ दाखवत होता. “ह्यो बगा! ह्यो बगा, ह्यो माझा नाय!”